श्रीमान अंगठेरावांस खुले पत्र

श्रीमान अंगठेराव,
मुक्काम पोस्ट : ज्याचा त्याचा मोबाइल

सा. न. वि. वि.

हळदीचं आमंत्रण गावच्या ग्रुपवर टाकलं आणि आपण त्याखाली लगोलग ओळीने हजर झालात. तत्परता वाखाणण्यासारखी आहे. फक्त एवढंच कळवा, जेवायला पानं किती मांडायची?

२०१० साली आपण युनिकोडच्या इमोजींच्या यादीत बसलात. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपावर बोट दाबून ठेवलं की आपण त्याला चिकटता. 'हो' एवढं टाइप करण्याचे कष्टही आपण वाचवलेत. त्याआधी आमच्या मुरबाडकडे घरोघर जाऊन आमंत्रण करावं लागे. 'बघू कसं जमतंय' म्हणजे येत नाही. 'घरी गुरंढोरं आहेत रे' म्हणजे एकजण येईल. 'तू दारात आलास म्हटल्यावर यायलाच लागंल' म्हणजे चुलीला कुलूप. नकार द्यायचा तोही चहा पाजून. उंबरा उतरेपर्यंत यजमानाचा तांदळाचा हिशेब झालेला असे. आता मात्र येणारा, न येणारा आणि आमंत्रण न वाचणारा, तिघांच्याही वतीने आपण एकटेच बोलता.

भातसा-तानसाचं पाणी मुंबईला धाडणाऱ्या शहापुरात 'उद्या टँकर येणार नाही' या निरोपाखालीही आपण ताठ उभे. आनंद झाला, असं समजायचं का? दहाव्याच्या निरोपाखालीही आपणच. आणि एखाद्याने आपल्याला बोलावलं नाही, तर निळ्या टिका चुगली करतात : 'वाचलंन्, पण माज बघा!'

कॅनडातही आपले प्रताप गाजले. तिथल्या एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोला उत्तर म्हणून आपल्याला पाठवलं. 'मिळाला, एवढंच म्हणायचं होतं,' असं तो सांगत राहिला. २०२३ साली सस्कॅचवानच्या कोर्टाने आपल्यालाच सही मानलं आणि सुमारे ८२ हजार डॉलरची भरपाई त्याच्या माथी मारली. आमच्याकडेही सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्यात. पण त्या अंगठ्याचा अर्थ निदान सावकाराला तरी ठाऊक असे!

तेव्हा आचाऱ्याशी बोलून ठरवलंय : ज्याने तोंडाने 'येतो' किंवा 'जमणार नाही' म्हटलं, त्याचाच हिशेब धरायचा. आपल्या नावाने मूठभरही तांदूळ धुतला जाणार नाही. तरी आलातच, तर मांडवात स्वागत आहे. पोटभर अंगठा चोखावा.

आपला,
हळदीचा एक यजमान
ता. मुरबाड, जि. ठाणे