पाहुण्यांविना सोहळा : साहित्य व कृती

सजावटीचे सामान विकणारे ऑनलाइन दुकान म्हणजे पाहुण्यांवाचून समारंभ साजरा करण्याची सोय. ग्राहक देशभर असले, तरी या दुकानाला सर्वांत मानवणारे शहर नवा रायपूर. रुंद रस्ते, आखीव सेक्टर आणि माणसांची टंचाई तेथे सरकारी खर्चाने उपलब्ध आहे. छत्तीसगडचे मंत्रालय २०१२ मध्ये जुन्या रायपूरपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या या नगरात आले. कर्मचारी मात्र बरेचसे जुन्या रायपुरातच राहिले. संध्याकाळी त्यांच्या बसगाड्या सुटल्या, की वाढदिवसाला बोलवायचे कोणाला, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर खोक्यातून येते.

माल प्रसंगवार लावलेला असतो : बारसे, पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, हळद, सेवानिवृत्ती. प्रसंग कोणताही असो, फुगे तेच. बदलते ती अक्षरांची माळ. सगळे एका खोक्यात संच म्हणून मिळते आणि संचातल्या नगांची मोजदाद उदार हाताने होते. चिकटपट्टी, रिबीन आणि गोंदाचे ठिपके हेही नगच. छापील किंमत काट मारता यावी म्हणूनच छापलेली असते.

फुगे दोन प्रकारचे. रबरी फुगा झाडाच्या चिकापासून होतो, म्हणून विक्रेत्याच्या लेखी तो पर्यावरणस्नेही. फॉइलचा फुगा म्हणजे प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. जाहिरातीतल्या चित्रात तो तरंगतो. तरंगायला हेलियम लागतो. संचात मिळते ती नळी. श्वास ग्राहकाने स्वतःचा घालायचा. असा फुगा अर्थातच खाली बसतो आणि भिंतीला चिकटवावा लागतो. पट्टीबरोबर रंगही निघाला, तर ती बाब भाडेकरू आणि घरमालक यांच्यातली.

कायद्याचेही लक्ष आहे. १ जुलै २०२२ पासून फुग्याची प्लास्टिकची काडी, सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर यांवर देशभर बंदी आहे. काडी दोषी ठरली, फुगा निर्दोष सुटला. बॅनरची जाडी मोजण्याचे साधन मात्र कोणत्याच संचात नसते.

आता कृती. पूर्वी पताकांसाठी खळ शिजवावी लागे, दोरी धरायला गल्लीतली पोरे बोलवावी लागत आणि राबलेल्या सर्वांना जेवू घालावे लागे. संचामुळे हा खर्च वाचला. लागते एक मोकळी भिंत, एक फोन आणि फोटो काढणारा एक माणूस. केक कापून झाला, की फोटो रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या काकूंना आणि नागपूरच्या आत्याला जातो. तिकडून केकचेच चित्र परत येते. आहेर फिटतो.

मोठ्या मापातही हीच पद्धत चालते. १ नोव्हेंबर २०२५ रोजी छत्तीसगड राज्याला २५ वर्षे झाली, तेव्हा नव्या विधानसभा भवनाचे उद्घाटन झाले. फोटोसाठी मागे भिंत राज्यालाही लागते. ती घरपोच मिळत नाही, एवढाच फरक.

वापरलेला माल दुकान परत घेत नाही. प्लास्टिक आणि धातू एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने फॉइलचा पुनर्वापर उद्योगात अवघड मानतात. घरात तो सोपा आहे : हवा काढून ठेवलेला १ चा आकडा दहाव्या वाढदिवसाला पुन्हा उपयोगी पडतो. ही सूचना कोणत्याही संचावर छापलेली नसते.