झाडाला पीपीटी येत नाही

कार्बन डायऑक्साइडला ठिकाणावर आणणे हा आता आपल्या देशाचा उद्योग झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याचा आराखडा आला आणि पाठोपाठ अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी २०,००० कोटी रुपये. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने या पाच क्षेत्रांनी वायू धुरांड्यापाशीच पकडायचा आणि वापरायचा, नाहीतर जमिनीत गाडायचा. धुरांड्यातला वायू पकडणे वेगळे आणि हवेत आधीच मिसळलेला परत ओढणे वेगळे, असे जाणकार सांगतात. पण २०,००० कोटींसमोर असला काथ्याकूट शोभत नाही.

हैदराबादही यात मागे नाही. इथल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या (एनजीआरआय) शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये हा वायू कोंडता येईल का, याचा अभ्यास केला आहे. आइसलँडमध्ये बेसाल्टात तो कोंडून दाखवलाही आहे. आपला सह्याद्री याच कातळाचा, तेव्हा महाराष्ट्राने आत्तापासूनच धोंड्यांचे सातबारे तपासून ठेवावेत.

याच शहरात हैदराबाद विद्यापीठाला लागून, कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर, हवेतला वायू ओढण्याचे काम बिनपगारी चालू होते. ना निविदा, ना अनुदान. कामगारांची एकच खोट होती, त्यांना पीपीटी करता येत नव्हती. टी-हब या स्टार्टअप केंद्रात जाऊन ‘आम्ही पानांच्या माध्यमातून कार्बन काढतो’ असे एखाद्या कडुनिंबाने सांगितले असते, तर त्याला गुंतवणूकदार मिळाले असते. तो जागच्या जागी उभा राहिला. तेही तेलंगणा सरकारने आयटी पार्कसाठी ठरवलेल्या जागेवर!

३० मार्च २०२५ ला उगादी, म्हणजे आपला पाडवा. दुसऱ्या दिवशी ईद. कोर्ट बंद, कचेऱ्या बंद, जेसीबी तेवढे कामावर. आडवे आलेले विद्यार्थी पोलिसांनी उचलले. चार-पाच दिवसांत सुमारे १०० एकर साफ. सरकारी कामे रखडतात, असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

सरकारचे म्हणणे असे की ही जमीन जंगल नव्हेच, आणि समाजमाध्यमांवर फिरणारी छायाचित्रे एआयने बनवलेली. त्यातली काही असतीलही. पण सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारला जागेवर धाडले, तर त्यांना मोर आणि हरणे दिसली. रजिस्ट्रार एआयने बनवलेले आहेत, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

बरे, झाडांशी या राज्याचे वैरही नाही. २०१५ मध्ये ‘हरित हारम्’ योजनेत याच तेलंगणाने २३० कोटी रोपे लावायचे ठरवले होते. पक्ष बदलला, योजनेचे नाव बदलले, रोपे लावणे चालूच आहे. रोप लावताना मंत्र्यांचा फोटो निघतो. आपोआप वाढलेल्या झाडाशेजारी उभे राहून फोटो कोण काढणार?

३ एप्रिलला न्यायालयाने तोड थांबवली. १६ एप्रिलला न्यायमूर्ती भूषण गवई, आपले अमरावतीचे, यांनी बजावले की ते १०० एकर पूर्ववत कसे करणार ते सांगा, नाहीतर अधिकाऱ्यांसाठी तिथेच तळ्याकाठी तात्पुरता तुरुंग उभारावा लागेल. आराखड्यात बसणार नाही, पण कार्बन कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय देशात दुसरा कोणी सुचवलेला नाही.