गट्टूशेठ

तालुक्याच्या गावात बांधकाम सभापती आणि सिमेंटच्या गट्टूंचा कारखानदार एकच गृहस्थ असतो, याचं आता कुणालाच काही वाटत नाही. शेठ अकरापर्यंत दुकानात, अकरानंतर नगरपरिषदेत. प्रभाग महिला राखीव निघाला की फ्लेक्सवर सौ. येतात, सभेला मात्र शेठच जातात.

1965 च्या नगरपरिषद कायद्याचं कलम 16 आहे. परिषदेच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवक अपात्र. शेठ कायदा मानतात. म्हणून कारखाना मेव्हण्याच्या नावावर आणि ठेका भाच्याच्या. विरोधी गट ओरडत नाही, कारण खडी क्रशर त्यांचा आहे.

निविदेत गट्टू 80 मिलिमीटरचा लिहिलेला असतो. मानकाप्रमाणे पायी चालायला एम-30 चालतो, मध्यम वाहतुकीला एम-40 लागतो. शेठच्या गट्टूची प्रत मात्र हातानेच काढावी लागते: दोन उचलायचे, एकमेकांवर आपटायचे, ज्याचा कोपरा आधी गळेल तो बिलात 80 चा धरायचा. खाली कच पसरून दाबायची असते, ती पसरतात. दाबायचं काम पहिल्या पावसावर सोपवलेलं असतं. नंतर कुठल्या गट्टूवर पाय दिला की धोतरावर पिचकारी उडते, हे बाजारात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ आहे.

सुरुवात स्टँडपासून झाली. मग बाजारतळ, मग देवळाचं आवार, मग स्मशानभूमी. तिथे कुणाची तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता. सगळं गाव झाकून झाल्यावर शेठच्या लक्षात आलं की लाल-पिवळा डमरूच्या आकाराचा गट्टू जुनाट दिसतो. तो उखडून करडा झिगझॅग बसला. करडा बसल्यावर पाणीपुरवठ्याला आठवलं की पाइपलाइन टाकायची राहिली. झिगझॅग उखडला, पाइप गेला, पुन्हा डमरू आला, कारण साचा तोच रिकामा होता. उखडलेला माल कुठे गेला हे विचारू नये. शेठच्या गोठ्यातल्या म्हशी सध्या लाल-पिवळ्या फरशीवर रवंथ करतात. मधे प्रशासक बसले, नगरसेवक घरी गेले, तेव्हा गाव म्हणालं, आता सुटलो. त्या काळातही गट्टू येतच राहिले. बिलावर सही बदलली, ट्रॅक्टर तोच.

आणि कडुलिंबाचं काय? बुंध्याला खेटून गट्टू आणि वरून सिमेंटचा गिलावा. झाडाभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा, असा आदेश दिल्लीतल्या झाडांसाठी 2013 सालीच निघाला होता. इथे चार बोटं मोकळी ठेवायची दानत नाही! झाड वाळलं की ‘धोकादायक वृक्ष’ म्हणून ठराव, तोडायचा ठेका, आणि मोकळ्या जागी अडीच चौरस मीटर नवे गट्टू. आभाळातून पडलेलं पाणी मुरायला गावात वाव राहिलेला नाही, ते थेट गटारात जातं. फेब्रुवारीत बोअर आटतात. मार्चमध्ये टँकर लागतो. टँकर कुणाचा, हे लिहायची गरज आहे का?

येत्या सभेत शाळेच्या मैदानाला गट्टू बसवायचा विषय आहे. पोरांनी कबड्डी कुठे खेळायची, असं एका मास्तरांनी विचारलं. शेठ मोठ्या मनाने म्हणाले, “गुडघ्याला पॅड बांधा की सर. आपल्या दुकानात कालच माल आलाय.”