टाकणं

"मामा, अकाउंट काढून टाक आणि परत घाल." हिंजवडीहून भाचा फोनवर बोलत होता. दंतवैद्य "दाढ काढून टाकू" म्हणतात, अगदी त्या सुरात.

मेल उघडायला क्लिक करायचं, स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवायचं, आलं किसायचं, चहा गाळून आणायचा, तरी गोल चकती फिरतेच आहे, असं महिनाभर चाललं होतं. घरात मी अभिमानानं सांगायचो, "वाचकांची पत्रं फार येतात ना!" बायको म्हणायची, "विमा कंपन्याही तुझ्या वाचक झाल्या वाटतं."

भाच्यानं निदान केलं. थंडरबर्डसारख्या मेलच्या प्रोग्राममध्ये डिलीट केलेला मेल लगेच जात नाही. त्यावर नुसती 'गेला' अशी खूण होते आणि फोल्डर कॉम्पॅक्ट करेपर्यंत तो फाइलीत जागा अडवून बसतो. मी आयुष्यात कधी कॉम्पॅक्ट केलेलं नव्हतं.

करणार कसा? मी आजीचा नातू. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या घरातलं खालचं सगळं मुठेनं नेलं. माळ्यावरचं तेवढं राहिलं. तेव्हापासून आजीची श्रद्धा देव्हाऱ्याहून माळ्यावर अधिक. कान तुटलेले कप, स्टोच्या पिना, मुका रेडिओ, पाठकोऱ्या लग्नपत्रिका, झाकण हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणं. यांची गाठ कधी पडली नाही, कारण ती वेगवेगळ्या पोत्यांत होती. "हे टाकायचंय," असं म्हणून आजी वस्तू उचलायची आणि माळ्यावर टाकायची. आमच्याकडे 'टाकणं' या क्रियापदाचा दुसरा अर्थच नव्हता. संगणकवाल्यांना हे पुष्कळ उशिरा सुचलं.

"मेल आयमॅपचे आहेत ना? मग सर्व्हरवर असतात, पुन्हा उतरतील," भाचा म्हणाला. नवं अकाउंट आयमॅपचंच होतं. पण त्याच्याखाली एक जुनं पॉपचं होतं. त्यातले मेल एकदा इथे उतरले की सर्व्हरवरून पुसले जावेत, ही सेटिंग माझीच. आणि त्यात ताई होती. म्हणजे भाच्याची आई. तिला जाऊन चार वर्षं झाली. "आंबे पोचले का? पेटीतला पेंढा बदल. खाली ठेवू नकोस, मुंग्या लागतात." बहुतेक मेल एवढेच.

मी वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "मामा, ते मलाही पाठव. आणि पॉपला हात लावू नकोस."

ताईचे मेल लोकल फोल्डरमध्ये कॉपी केले, पेन ड्राइव्हवर घेतले आणि मग फक्त आयमॅपचं अकाउंट काढून परत घातलं. आता सगळं झटक्यात उघडतं. 'वाचकांचे अभिप्राय' हा फोल्डरही उघडला. आत त्रेचाळीस मेल. त्यातले अकरा मीच मला पाठवलेले, मेल पोचतो की नाही ते बघायला.

तुम्हीही अकाउंट काढणार असाल, तर आधी ते आयमॅप आहे की पॉप, एवढं बघून घ्या. पॉप असेल, तर माळा तपासल्याशिवाय काही टाकू नका.