अपरिग्रही महाराज

अखंड हरिनाम सप्ताहाच्या, म्हणजे सात दिवस चालणाऱ्या भजन-पारायण-कीर्तनाच्या मांडवात विणेकरी, टाळकरी, मृदंगाचार्य आणि वाढपी यांच्याखेरीज अलीकडे जो एक वर्ग ठळकपणे दिसू लागला आहे, त्याला सोयीसाठी ‘अपरिग्रही महाराज’ म्हणता येईल. अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा अधिक काही न साठवणे. पतंजलींनी तो पाच यमांत, म्हणजे संयमाच्या मूलभूत नियमांत, गणला आहे. प्रस्तुत महाराजांनी त्याचा अर्थ अधिक काटेकोरपणे लावला असून, त्यांच्या मते आपल्या नावावर काहीही नसले म्हणजे अपरिग्रह साधला. त्यानुसार पांढरी मोटार एका भक्ताच्या नावावर, आश्रम विश्वस्त संस्थेच्या नावावर, विश्वस्त संस्था मेहुण्याच्या मुठीत आणि बागायत मातोश्रींच्या सातबाऱ्यावर असते. महाराजांच्या वाट्याला उरतो तो केवळ उपभोग, आणि तोही ते भक्तांचे मन मोडू नये एवढ्याचसाठी सोसतात.

कीर्तनाचा विषय बहुधा धनाची नश्वरता हाच असतो, आणि त्यावर महाराज इतक्या अधिकाराने बोलतात की, ज्याने सोने कधी हाताळलेच नाही त्याने त्याला माती म्हणावे तरी कोणत्या आधारावर, असे श्रोत्यांना वाटू लागते. आयुष्याच्या क्षणभंगुरतेचे भान सुटू नये म्हणून त्यांच्या मनगटावर भारी घड्याळ असते. दानाचा महिमा सांगताना, देणारे पुष्कळ असले तरी घेणाऱ्यावाचून दान पुरे होत नाही, हे शास्त्र ते विसरत नाहीत, आणि ही दुसरी जबाबदारी स्वतःकडे घेतात. बिदागीविषयी, म्हणजे कीर्तनकाराला निरोप देताना द्यावयाच्या दक्षिणेविषयी, ते अवाक्षर काढत नाहीत. ते काम त्यांचा चालक करतो, आणि निरोपाच्या वेळी नव्हे, तर तारीख देण्यापूर्वीच करतो. कीर्तनाचे द्रव्य घेणारा आणि देणारा या दोघांचीही तुकारामांनी एकाच नरकात रवानगी केली आहे. तो अभंग महाराजांना मुखोद्गत आहे, निरूपणासाठी मात्र तो अद्याप निघालेला नाही.

गाडगे महाराजांचा (१८७६–१९५६) दाखला ते आवर्जून देतात. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारणाऱ्या या परिटाच्या पोराने स्वतःजवळ चिंध्यांचे वस्त्र, मडके आणि खराटा याखेरीज काही बाळगले नाही; तेव्हा कागदोपत्री दोघेही सारखेच निर्धन ठरतात, असे शिष्यगणांचे प्रतिपादन आहे. फरक असलाच तर इतकाच की, गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत, आणि महाराजांच्या आगमनाआधी गाव झाडले जाते.

या सगळ्याचा दोष एकट्या महाराजांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना शेजारच्या गावापेक्षा मोठा महाराज हवा असतो आणि मोठेपणा मोजण्याचे त्यांचे माप चार चाकांचे असते. केवळ प्रवासखर्च घेऊन एसटीने येणारे, पिठलं-भाकरीवर तृप्त होणारे आणि रसाळ निरूपण करणारे कीर्तनकार आजही आहेत, पण फलकावर त्यांचे छायाचित्र टपाल तिकिटाएवढे छापले जाते. त्यांना सप्ताहाचा मधला एखादा दिवस मिळतो. काल्याचे कीर्तन, म्हणजे समाप्तीचे सर्वांत मानाचे कीर्तन, पांढऱ्या मोटारीकडेच जाते.