वाघ्याचा डोंगर, आमचं ओझं

सिएटल, जुलै

ती. आई-बाबा,

बाबांनी फोनवर विचारलं होतं, "कुत्र्याला घेऊन एवढा डोंगर चढता, उन्हाळ्यात वाट कशी असते?" तुमचे चिरंजीव "मस्त असते" म्हणून मोकळे झाले. खरी हकिकत मी लिहिते.

डोंगराचं नाव मेलबॉक्स पीक. सिएटलच्या पूर्वेला नॉर्थ बेंड गाव आहे, त्याच्या जवळच. उंची 4,800 फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. पण बाबा, हसू नका. इथली जुनी वाट अडीच मैलांत 4,000 फूट चढवते. शिड्या नाहीत, रेलिंग नाही; झाडांची मुळं धरायची आणि खोडांवर ठोकलेल्या पांढऱ्या खुणा शोधत जायचं. वाटेच्या तोंडाशीच पाटी आहे, की चढ फार उभा आहे आणि बचाव पथकाला इथे वरचेवर यावं लागतं. पाटी वाचून चिरंजीव म्हणाले, "चला!" मी पाटी वाचून 2014 साली झालेल्या नव्या वाटेला लागले. वाघ्या माझ्याबरोबर आला. (पट्टा माझ्या हातात होता. इथे तो बांधावाच लागतो.) आणि वाघ्याचं पाणी चिरंजीवांच्या सॅकमध्ये, त्यामुळे तेही मुकाट मागे आले.

नवी वाट लांब, एका बाजूनेच पावणेपाच मैल, पण वळणं घेत जाते. वरचा बर्फ वितळलाय. खाली डग्लस फरची गर्द सावली आणि ओढे. वाघ्या प्रत्येक ओढ्यात बसकण मारतो, पण ते पाणी त्याला पिऊ द्यायचं नाही, पोट बिघडतं. वर गेल्यावर पाणीच नाही. म्हणून सॅकमध्ये वाघ्याचं पाणी, वाघ्याची घडीची वाटी, वाघ्याचा खाऊ, वाघ्याचे बूट, आणि पार तळाशी चेपलेली आमची थालीपिठं.

हो आई, बूट! झाडी संपली की नुसत्या दगडांचा उतार लागतो आणि दुपारी ते दगड तापतात. हाताची मागची बाजू दगडावर टेकवून बघायची. चटका बसला तर कुत्र्याला बूट. माझ्या हाताला चटका बसतो त्याचं कोणाला काही नाही. आणि बूट चढवले की वाघ्या तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखा पाय झटकतो. कुत्र्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, सगळी भिस्त जिभेवर. ती लांब लोंबू लागली की सावलीत थांबायचं. चिरंजीवांची जीभ त्याच्या कितीतरी आधी बाहेर आली होती, पण त्यासाठी थांबण्याचा नियम नाही. ऊन टाळायला पहाटे निघावं लागतं, आणि थालीपिठं आपोआप थापली जात नाहीत.

बाबा, तुम्ही जेवत असाल तर एवढं नंतर वाचा. वाघ्याने वाटेत जे काही केलं, ते पिशवीत भरून, गाठ मारून, खालपर्यंत आणायचं असतं. डोंगरावर टाकायचं नाही. ती पिशवी कोणी धरायची यावरून आमचं उतारभर बोलणं झालं नाही.

शिखरावर खरोखरीची पत्रपेटी आहे. पोस्टमन येत नाही. लोक त्यात चिठ्ठ्या टाकतात. चिरंजीवांनी लिहिलं, "वाघ्या येऊन गेला." समोर रेनिअरचं बर्फाचं शिखर लख्ख दिसत होतं. वणव्यांचा धूर अजून सुरू झालेला नाही, ऑगस्टचं काही सांगता येत नाही. वाटेत भेटणारा प्रत्येकजण वाघ्याचं नाव विचारतो, त्याच्या गळ्यात पडतो आणि आम्हाला मान हलवून पुढे जातो. फोटो पाठवलेत. त्यात कडेला एक कोपर दिसेल, ते माझं.

उतरताना कोरड्या मातीचा घसारा. वाघ्या पुढे ओढतो, गुडघे मागे राहतात.

आता पुढच्या शनिवारी माउंट साय म्हणतायत. आई, तुम्ही जरा फोन करून समजवा, तुमचं ते ऐकतात. फक्त वाघ्याची तब्येत पुढे करा. माझ्या गुडघ्यांचं सांगून झालंय.

तुमची सून