तंतूचा जन्मदाखला

आपल्या मायबाप सरकारच्या प्रजावात्सल्याविषयी ज्यांना शंका असेल, त्यांनी ॲस्बेस्टॉसचे दफ्तर एकवार उघडून पाहावे. राजस्थानातून आणि आंध्रातल्या कडप्प्याकडून हा तंतुमय दगड खणून काढणाऱ्या मजुरांची फुफ्फुसे निकामी होतात, हे ध्यानी येताच सरकारने 1986 साली नवे खाणपट्टे देणे बंद केले आणि 1993 साली जुन्यांचे नूतनीकरणही थांबवले. मात्र स्वदेशी तंतूवर अशी वक्रदृष्टी केल्यावर, त्याचाच भाऊबंद रशियातून जहाजात बसून आला, तर जकात घेऊन त्यास सन्मानाने उतरवून घेण्याची तजवीज तितक्याच कसोशीने कायम ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्वच जाती कर्करोगकारक ठरवल्या आहेत. पण तिथल्या बिचाऱ्या संशोधकांना आयातीचे धोरण कोठून कळावे?

घातक मालाच्या व्यापाराविषयी जो आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करार आहे, त्यात बंदीची भाषा नाही. यादीतला घातक माल पाठवणाऱ्याने घेणाऱ्यास आगाऊ कळवून त्याची संमती घ्यावी, इतकीच माफक अट आहे. विकणाऱ्यांनी या अटीला नाक मुरडावे, हे व्यापारधर्मास धरूनच झाले; परंतु आयातीतल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे नाव त्या यादीत घालण्यास 2011 साली रुकार देणाऱ्या भारताने 2013 साली, स्वतः गिऱ्हाईक असता, विकणाऱ्यांच्या पंक्तीस बसून त्याच नावाला हरकत घ्यावी, म्हणजे विषाच्या पुडीवरची चिठ्ठी गिऱ्हाइकानेच दुकानदाराकडून फाडून घेण्यासारखे झाले.

देशात आलेल्या तंतूचा बंदोबस्त मात्र चोख आहे. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने पांढऱ्या तंतूसाठी दर मिलिलिटर हवेत 1 अशी सोवळी मर्यादा घालून दिली. स्वस्थ बसलेला मनुष्यही मिनिटाला सुमारे 6 लिटर हवा घेतो. तेव्हा मिनिटाला 6,000 आणि 8 तासांच्या पाळीत 28 लाखांहून अधिक तंतू कायद्याचा यत्किंचितही भंग न करता नाकातून आत जाऊ शकतात. (कारखान्यात स्वस्थ कोण बसतो, हा प्रश्न आम्ही सौजन्याने सोडून देतो.)

या तंतूंनी जडणारा रोग छातीत दशकानुदशके दबा धरून बसतो, हे जाणून सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे, किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा हुकूम दिला. हुकूम उत्तमच, पण त्याचा अंमल कारखान्याच्या फाटकाशी संपतो. फाटकाबाहेर, एखाद्याच्या गोठ्यावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे चढवणारा मिस्त्री पाहावा. पत्रा वीतभर जास्त भरला म्हणून तो उकिडवा बसून करवतीने कापतो, हुकांसाठी भोके पाडतो, भुवयांवर साचलेली राखाडी भुकटी तोंडावरचा रुमाल सोडून झटकतो आणि त्याच रुमालात गरम पेला धरून चहा पितो. खाली मालकाचे पोर पडलेल्या भुशाचे ढीग करीत बसलेले असते. कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर त्या मिस्त्रीचे नाव नाही; सबब त्याची 40 वर्षे सुरूच होत नाहीत.